मिठाला एक, साखरेला दोन

कुठल्याही घरात पाय ठेवला की किल्लीची नजर आधी पडद्यांवर जायची. तो तिचा स्वभावही होता आणि पोटापाण्याचा उद्योगही. घरच्या घरी करायचे सोपे पदार्थ आणि घर ऊबदार करायच्या युक्त्या, असे छोटे छोटे व्हिडिओ ती करायची. जुन्या स्वेटरच्या उशा, रिकाम्या बाटल्यांचे दिवे, संत्र्याच्या साली उकळून घरभर दरवळणारा वास. लोक जेवता जेवता ते बघायचे आणि आपल्या घराकडे पाहून उसासे टाकायचे. मनाची वाईट नव्हती ती. फक्त कुठलीही खोली जशी आहे तशी तिला बघवत नसे.

किल्ली हे तिचं घरातलं नाव. वडील कुलपं दुरुस्त करणारे, आणि ही लहानपणी बोलायला लागली की किल्ली दिलेल्या खेळण्यासारखी थांबायचं नावच घ्यायची नाही. नाव पडलं ते चिकटलं.

गंमत अशी की तिचे निम्मे पदार्थ वडिलांचेच होते. बायको गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि कुलूप उघडावं तसा एकेक पदार्थ बोटांनी चाचपून शिकून घेतला. भोपळ्याचं सूप, ओटची बिस्किटं, लिंबाच्या सालींचा मुरंबा. "कणीक कानाच्या पाळीएवढी मऊ लागली की हात थांबवायचा," असं ते तिच्या व्हिडिओत सांगायचे आणि लोकांना ते भारी आवडायचं. मध्येच त्यांचा हात बरण्यांवरून रेंगाळत फिरायचा. तेवढा तुकडा किल्ली कापून टाकायची. बघणाऱ्याला कंटाळा येतो म्हणून.

वडिलांचं घर म्हणजे मात्र तिच्या डोळ्यांत कुसळ. मिठाच्या बरणीला एक रबरबँड, साखरेच्या बरणीला दोन, पिठाच्या डब्याला सुतळी. सुऱ्यांच्या खणाच्या मुठीला चिंधी. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत मध्ये मध्ये खुर्च्या अशा मांडलेल्या, की पाहुण्याची नडगी फुटलीच पाहिजे. "बाबा, हे घर आहे की भंगाराचं दुकान?" ती विचारायची. ते हसायचे. "माझं चाललंय ना? मग झालं तर."

त्या हसण्यामागे काय होतं ते तिला कळलं नाही. किल्लीने एक गोष्ट मागेच ठणकावून ठेवली होती. एकट्याने जमेनासं झालं की मुकाट्याने तिच्या फ्लॅटवर राहायला यायचं, सहाव्या मजल्यावर. आणि म्हाताऱ्याला यायचं नव्हतं. आपला उंबरठा, आपला गॅस, दारावरून जाणाऱ्या पावलांचे ओळखीचे आवाज सोडून कुठेही जायचं नव्हतं.

मग हर्नियाचं ऑपरेशन निघालं आणि ते काही दिवस हॉस्पिटलात राहिले. घराची चावी किल्लीकडे आली. एवढी संधी ती सोडते कसली!

आधी तिने 'आधीचा फोटो' काढला. या धंद्यात तो लागतोच. पण घर होतं तसं टिपलं असतं तर पुरेसं वाईट दिसलं नसतं. म्हणून तिने बरण्या ओट्यावर वेड्यावाकड्या पसरल्या, खुर्च्या एकीवर एक रचल्या, कपाटातले कपडे बाहेर ओढले आणि मग फोटो घेतला. तिच्या ओळखीचे सगळे असंच करायचे, त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. नंतर रबरबँड, सुतळ्या, चिंध्या सगळं कचऱ्यात गेलं. एकसारख्या काचेच्या बरण्या आल्या, त्यांवर सुरेख अक्षरांतली लेबलं. खुर्च्या खिडकीपाशी गोल मांडल्या, मध्ये लोकरीचा जाड गालिचा. पिवळा उजेड, मऊ उशा. राबराब राबली पोरगी, आणि कुणासाठी म्हणाल तर बापासाठीच. व्हिडिओ लोकांनी डोक्यावर घेतला. 'नशीबवान वडील' असं कितीतरी जणांनी लिहिलं.

वडील घरी आले आणि दारातच थांबले.

"कसं वाटतंय?" किल्लीने मोबाइल त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला.

"वास छान येतोय," ते म्हणाले. त्यांचा हात हवेत पुढे गेला, जिथे खुर्चीची पाठ असायची तिथे. मग त्यांनी तो खिशात घातला.

"चला, चहा करा बघू. नव्या घरातला पहिला चहा. मी व्हिडिओ घेते."

ते भिंतीच्या कडेने ओट्याशी गेले. पहिली बरणी चाचपली, दुसरी, तिसरी. पुन्हा पहिली. सगळ्या गुळगुळीत, सगळ्या सारख्या. एवढी वर्षं कुठल्याही कुलपापुढे हार न मानलेली ती बोटं काचेवरून नुसतीच घसरत राहिली.

"किल्ले, यातली साखर कुठली गं?"

"अहो, लिहिलंय की! एवढं मोठं."

"हो का? चष्मा कुठे राहिला कुणास ठाऊक."

"चष्मा डोळ्यांवरच आहे, बाबा."

किल्लीने मोबाइल खाली घेतला. कितीतरी दिवसांनी ती बापाकडे नुसत्या डोळ्यांनी पाहत होती, आणि ते तिच्या चेहऱ्याच्या थोडं बाजूला पाहत होते.

"कधीपासून?"

"झाली दोनेक वर्षं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही. थोडी होती तेव्हाच घर पाठ करून घेतलं. आता उजेड आणि सावली, तेवढंच कळतं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर राहू दिलं असतंस इथे?"

तिला रडू कोसळलं. "मी सगळं होतं तसं करून देते," ती म्हणाली. "शपथ, अगदी होतं तसं. माझ्याकडे फोटो आहे ना!"

तिने घाईघाईने फोटो उघडला. ओट्यावर पसरलेल्या बरण्या. एकीवर एक रचलेल्या खुर्च्या. तो पसारा तिनेच घातलेला होता. ज्या घरात तिचा बाप डोळ्यांवाचून सरळ चालत होता, त्या घराचा फोटो तिने काढलाच नव्हता. स्वतःची एवढी चीड तिला आयुष्यात कधी आली नव्हती.

"पलंगानंतर पहिली खुर्ची कुठे होती, बाबा? सांगा, मी ठेवते."

"मी काय सांगू? ते पायांना ठाऊक होतं. रबरांचं सांगतो. मिठाला एक, साखरेला दोन."

तिने गालिचा गुंडाळला, खुर्च्या सरकवल्या, पुन्हा सरकवल्या. जुन्या व्हिडिओंत शोधलं, तर कुरूप सामान दिसू नये म्हणून तिने प्रत्येक वेळी फक्त हात आणि पातेलं टिपलेलं. वडील चालून बघायचे, वीतभर चुकायचे, पुन्हा चालायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी भरवशाने हात टाकला तिथे खुर्ची नव्हती. मोडलं काही नाही, पण ऑपरेशनची जखम उसवली. उठून बसल्यावर ते बराच वेळ जमिनीवर हात फिरवत राहिले.

"चल," ते म्हणाले. "तुझ्याकडे जाऊ."

जे टाळण्यासाठी त्यांनी अख्खं घर पाठ केलं होतं, ते त्यांनी आपल्या तोंडाने म्हटलं. किल्लीने ते कानांनी ऐकलं, आणि त्यांची बॅग भरली.

आता ते सहाव्या मजल्यावर खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात. खुर्ची मऊ आहे, मागे स्वेटरची उशी आहे. शेजारीपाजारी येऊन घराचं कौतुक करून जातात, आणि ते मान डोलावतात.

किल्लीने आपल्या सुंदर बरण्यांना रबरबँड लावले. मिठाला एक, साखरेला दोन. पिठाच्या डब्याला सुतळी. एका दुपारी, सूप करू या म्हणत, तिने त्यांना हाताला धरून ओट्याशी नेलं. त्यांची बोटं बरण्यांवरून फिरली, रबरांवर थांबली, आणि चेहरा क्षणभर उजळला.

"बरोबर लावलेत," ते म्हणाले. मग त्यांनी हात काढून घेतला. "सूप तूच कर, किल्ले. मला खुर्चीपर्यंत नेऊन सोड."