फाटकापलीकडची जागा

तपासनीसांनी नळ पूर्ण सोडला, बादली त्याखाली सरकवली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. त्यांची सून नाकाला रुमाल लावून दारातच थांबली होती. मुलगा खिडकीचे गज हलवून बघत होता. घरमालकीण भिंतीला टेकून तिघांना न्याहाळत होती. खाली तिचं इस्त्रीचं दुकान होतं, आणि कपडा हातात घेताच डाग निघेल की नाही हे ओळखणाऱ्या बाईची ती नजर होती.

"पावणेदोन मिनिटं," बादली भरल्यावर तपासनीस म्हणाले. "आपल्याकडे पाच लागतात."

"पाणी दिवसभर असतं," घरमालकीण म्हणाली.

"आणि चोऱ्या?" सुनेने रुमालाआडून विचारलं.

"होतात की. तुमच्याकडे होत नाहीत?"

तपासनीस खदखदून हसले. बाई त्यांना आवडली. बससेवेत एकतीस वर्षं त्यांनी बिनतिकीट प्रवासी पकडले होते. माणूस खरं बोलतोय की थापा मारतोय हे त्याच्या मानेवरून कळतं, असं ते म्हणायचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना सगळे तपासनीसच म्हणत आणि घरात त्यांचं वागणंही तसंच होतं. कुणी फोनवर बोलत असलं की समोर जाऊन उभे राहायचे. डाळीत पाणी जास्त झालं की वाटी उजेडात धरून सगळ्यांना दाखवायचे.

त्यांची राहती इमारत पाडायची होती. मालकाने तीन महिन्यांची मुदत दिली होती आणि त्यातला एक महिना नुसत्या चर्चेत गेला होता. शाळेच्या मागे दोन लहान खोल्या मिळत होत्या, पण त्यांत चार माणसं म्हणजे डब्यात भरल्यासारखी राहिली असती. तेवढ्याच भाड्यात रेल्वे फाटकापलीकडे ही तीन खोल्यांची जागा मिळत होती. अडचण एकच, ती फाटकापलीकडे होती. त्या भागाबद्दल प्रत्येकाचं मत होतं आणि कुणाचंही दुसऱ्याशी जुळत नव्हतं. कुणी म्हणे, तिथे अंगावरचा शर्ट काढून घेतील आणि बटण तुटलेलं असेल तर वर शिव्या घालतील. कुणी म्हणे, रस्ते रुंद आहेत, वारा आहे आणि माणूस रस्त्यात पडला तर उचलायला चारजण धावतात. गंमत म्हणजे दोन्ही खरं होतं.

सून आणि मुलगा पायऱ्या उतरायला लागल्यावर तपासनीस पूर्वेकडच्या छोट्या खोलीत गेले. भिंतीला ओल आहे का बघतो, असं त्यांनी सांगितलं. तिथे त्यांनी दोन्ही हात पसरले. इकडे कॉट, तिकडे टेबल, खिडकीशी खुर्ची. गेली कित्येक वर्षं ते बाहेरच्या खोलीत कपाटाच्या आडोशाला झोपत होते. टीव्ही बंद होईपर्यंत त्यांना पाठ टेकता येत नसे आणि कूस बदलली तरी कॉट अशी कुरकुरे की घरभर कळायचं. त्यांनी खोलीचं दार लावून पाहिलं. लागलं. मग उघडलं आणि खाली गेले.

"ओल नाही," ते म्हणाले. "जागा घ्यायची."

सुनेला मात्र धास्ती होती. ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. सकाळी सातला नमुने घ्यायला हजर राहायचं, तर तिला अंधारात घर सोडावं लागलं असतं. तिच्यासोबत काम करणाऱ्या एका मुलीची पर्स त्याच फाटकाजवळ हिसकावली होती. ती मुलगी रुळांवर पडली होती आणि तिचं मनगट मोडलं होतं. सुनेने ते प्लास्टर रोज समोर पाहिलं होतं.

रविवारी दुपारी तिची आई जेवायला आली होती, तेव्हा विषय पुन्हा निघाला.

"मला त्या फाटकातून एकटीने जायची भीती वाटते," सून म्हणाली. "तुम्हाला सगळ्यांना सोपं वाटतंय."

तपासनीसांनी भाताचा घास मुद्दाम सावकाश गिळला. आपल्याकडे सगळे बघताहेत याची खात्री झाल्यावरच ते बोलायचे.

"हिला कोण पळवणार?" ते विहीणबाईंकडे बघून म्हणाले. "आणि चुकून नेलीच, तर दोन मिनिटांत परत आणून सोडतील. वर माफी मागतील."

विहीणबाईंनी ताटाकडे बघितलं. दहा वर्षांच्या नातीने बापाकडे बघितलं. मुलगा हसला. फार नाही, नाकातून एकदाच, आणि लगेच पाण्याचा पेला तोंडाला लावला. पण हसला.

सून उठली आणि तिने आईला आणखी वरण हवं का ते विचारलं. त्या दिवसानंतर तिने फाटकाबद्दल एक अक्षर काढलं नाही.

तपासनीसांना वाटलं, गड सर झाला. तरी त्यांनी काम अर्धवट सोडलं नाही. पुढच्या दोन आठवड्यांत ते चार वेळा फाटकापलीकडे जाऊन आले. सकाळी गेले, दुपारी गेले, दिवेलागणीला गेले. औषधाच्या दुकानात जाऊन विनाकारण मलम घेतलं. केस कापायची गरज नसताना न्हाव्यासमोर बसले आणि त्याच्याकडून सगळ्या भागाची कुंडली काढून घेतली. इस्त्रीच्या दुकानात बाकावर बसून चहा प्यायले. घरमालकिणीचा हात चालू असायचा आणि तोंडही. परत आल्यावर ते वहीतून वाचून दाखवत.

"औषधाचं दुकान, चार मिनिटं. माझ्या चालीने."

"तुम्ही तर म्हणायचात, त्या लोकांत मेलो तरी राहणार नाही," मुलगा एकदा म्हणाला. "आईला तिथली अंगणाची जागा आवडली होती तेव्हा."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"आई फार दिवस म्हणत होती."

"तुझी आई पुष्कळ गोष्टी म्हणायची," तपासनीसांनी वहीचं पान उलटलं.

नवल म्हणजे आता सून लक्ष देऊन ऐकायची. नुसतं ऐकायची नाही, विचारायचीही.

"दवाखाना कुठे आहे, बाबा?"

"बाजाराच्या कोपऱ्यावर. डॉक्टर बाई आहे. घरीही येते म्हणतात."

"जिन्याचं काय? तुमच्या गुडघ्यांना झेपेल?"

"मला काय धाड भरलीय?"

"तरी. तळमजल्यावर एखादी खोली असती तर बरं, नाही का?"

"आहे की. दुकानाच्या मागे. रिकामीच आहे." तपासनीसांनी ती पाहिली होती. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

"आणि कधी घरी कुणी नसलं, तर जेवणाची सोय?"

"खाणावळ आहे. स्वच्छ. मी स्वयंपाकघरात डोकावून आलो. म्हातारे-कोतारे तिथेच जेवतात, गप्पा मारत बसतात. कुणी कुणाला उपाशी ठेवत नाही."

सून मान हलवायची. एकदा तर तिने त्यांची वही मागून घेतली आणि पानं उलटून पाहिली. "किती बारकाईने केलंय," ती म्हणाली. तपासनीसांना त्या दिवशी दोन घास जास्त गेले. पोरीला उशिरा का होईना अक्कल आली, असं त्यांनी गल्लीतल्या दोघांना सांगितलं.

मुदत संपायला तीन आठवडे उरले असताना, एका सुट्टीच्या सकाळी, मुलगा त्यांच्या कॉटवर येऊन बसला. तो कधी तिथे बसत नसे. सून समोर उभी होती, हातात पुसायचं फडकं घेऊन. नात जमिनीवर चित्र रंगवत होती.

"बाबा, आम्हाला तुमचं पटलं," मुलगा म्हणाला.

"पटणारच."

"आम्ही त्या बाईंना कालच होकार कळवला."

"मला न्यायचं होतं. भिंतीला रंग लावून द्यायला सांगायचं होतं."

"सांगितलंय," सून म्हणाली. "पांढरा. खोली उजळ दिसेल."

"खोल्या," तपासनीस म्हणाले.

मुलाने चादरीचा एक सुटलेला दोरा ओढला. तो लांबच लांब निघत गेला.

"आम्ही तिघं शाळेमागच्या जागेत जातोय," सून म्हणाली. तिच्या आवाजात ना चीड होती, ना घाई. रक्त घेताना सुई टोचण्याआधी ती लोकांशी याच आवाजात बोलत असावी. "हिची शाळा, माझी नोकरी, सगळं तिथून जवळ. तीन माणसांना पुरेल. तुमच्यासाठी बाईंची खालची खोली घेतली. गुडघ्यांना त्रास नाही. औषधं चार मिनिटांवर, डॉक्टर बाजारात, जेवायला खाणावळ. तुम्हीच तर सगळं बघून आलात."

तपासनीसांनी मुलाकडे पाहिलं. माणसाची मान सगळं सांगते म्हणायचे, पण मुलाची मान खाली होती आणि तिच्यावरून काही नवं कळायचं उरलं नव्हतं.

"तुझं काय म्हणणं?"

"तुम्हाला मोकळी जागा हवीच होती ना, बाबा," तो म्हणाला. "मी अर्ध्या जिन्यातून परत आलो होतो, तेव्हा बघितलं तुम्हाला त्या दिवशी. वरच्या खोलीत. हात पसरून."

तपासनीसांनी तोंड उघडलं. फाटकाजवळ दिवे कमी आहेत, हे त्यांना सांगता आलं असतं. न्हाव्याकडे ऐकलेली एक हाणामारीची हकिगत होती, ती त्यांनी वहीत उतरवली नव्हती. पण आता यातलं काही काढणं म्हणजे दोन आठवडे आपण थापा मारल्या असं कबूल करणं. शिवाय सून त्यांच्याकडे बघत होती, शांतपणे, वाट बघत. तिला तेच ऐकायचं होतं.

"जागा चांगली आहे," ते म्हणाले.

"आहेच," सून म्हणाली.

नातीने रंगाची कांडी खाली ठेवली. "मग मी सुट्टीत आजोबांकडे राहायला जाऊ?"

"नाही, बाळा," सुनेने वाकून तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "आजोबाच इकडे येतील कधीतरी. तो भाग मुलींसाठी चांगला नाही."

सामान नेताना छोटा टेम्पोसुद्धा अर्धा रिकामा होता. कॉट, टेबल, खुर्ची, दोन पेट्या, बायकोचा फोटो. मुलाने सगळं उतरवून घेतलं, दिवा लागतो का पाहिलं, नळ सोडून बंद केला. मग फोन खिशातून काढून वेळ बघितली. तो सारखा "काही लागलं तर सांगा" म्हणत होता आणि प्रत्येक वेळी दाराकडे एक पाऊल सरकत होता. शेवटचं त्याने दाराबाहेरूनच म्हटलं.

रंग पांढराच होता, अजून ओलसर. खोलीला एकच खिडकी होती आणि ती दुकानात उघडत होती. इस्त्रीची गरम वाफ थेट आत यायची. तपासनीसांनी कॉट एका भिंतीला लावली. मग दुसऱ्या भिंतीला लावून पाहिली. कशीही लावली तरी टेबल दाराला अडत होतं. शेवटी ते दुकानात येऊन बाकावर बसले.

घरमालकीण शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडत होती. तिने एक किल्ली त्यांच्याकडे सरकवली.

"ही तुमची. दुसरी माझ्याकडे राहील."

"का?" तपासनीसांचा जुना आवाज निघाला. "भाडेकरूच्या खोलीची किल्ली तुम्हाला कशाला हवी?"

बाईला राग आला नाही. तिने कॉलर पालथी घातली.

"सकाळी नऊपर्यंत दार उघडलं नाही, तर मी उघडते. आधी नव्हते उघडत. तुमच्या आधीचे गृहस्थ भारी शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दोन दिवस दिसले नाहीत तर मला वाटलं, मुलीकडे गेले असतील. मुलीला वाटलं, इथे आहेत. चौथ्या दिवशी गिऱ्हाईकांनी वास कसला म्हणून विचारलं." तिने इस्त्री उचलली. "तेव्हापासून नऊचा नियम केलाय. तुमची हरकत असेल तर सांगा."

इस्त्री कॉलरवरून गेली, परत आली. बाहेरून दोन बायका बोलत, हसत गेल्या. तपासनीसांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"नऊ म्हणजे फार उशीर होतो," ते म्हणाले. "मी साडेपाचलाच उठतो. सात करा."