फळीवरचा हात

साडेअकरा वाजले होते आणि माझ्या प्रोग्रामखाली अजून लाल ओळी येत होत्या. बारापर्यंत तो चालला नाही, तर महिला केंद्राच्या पुढच्या संगणक वर्गातली माझी जागा गेली. पुढची तुकडी सप्टेंबरात, अट चाळिशीच्या आतली, आणि मला ऑगस्टात चाळीस पूर्ण होतात.

बावीस वर्षं मी मोरोक्कोतल्या फेज शहरात एका हमामात, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, कपडे सांभाळते. बायका आत अंघोळीला जातात, त्यांची गाठोडी माझ्या मागच्या फळीवर राहतात. पाणीटंचाईमुळे हमाम आठवड्यातून तीन दिवस बंद राहायला लागला, तेव्हा घरी नणंदेची बोलणी खाण्यापेक्षा मी इथे येऊन बसले. 'जावा' ही संगणकाची भाषा शिकतेय म्हटल्यावर ती आठवडाभर हसत होती. तिचं हसू जिरवायचं, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

काम साधं होतं. सात बायकांची नावं लिस्टमध्ये ठेवायची, आणि तिसरी कोण, पाचवी कोण ते दाखवायचं. मागच्या महिन्यात आम्ही अ‍ॅरे शिकलो. तिथे नावापुढे चौकोनी कंसात क्रमांक टाकला की वस्तू हातात. मी इथेही तेच केलं. मशीन म्हणे, इथे अ‍ॅरे हवा, ही तर लिस्ट आहे. मी अर्धविराम तपासले, कंस मोजले, सगळं पुसून पुन्हा जसंच्या तसं लिहिलं. माझा मलाच राग आला.

शेजारची वियाम, वीस वर्षांची, केव्हाच मोकळी झाली होती.

"लल्ला रकिया, सरका जरा. तुमच्याच्याने नाही व्हायचं, मी टाकते लिहून," असं आदराचं 'लल्ला' लावत तिने माझ्या कीबोर्डवर हात घातला.

मी तिचं मनगट धरलं. "हात मागे घे. काय हवं ते तोंडाने माग, मी काढून देते."

सगळा वर्ग वळून बघायला लागला. खिडकीपाशी उभी असलेली आमची शिकवणारी, इल्हाम, तीसुद्धा. हमामात हे वाक्य मी दिवसातून पन्नासदा म्हणते. फळीवर परस्पर हात घालणारी बाई मला खपत नाही.

आणि मी सकाळपासून त्या लिस्टशी दुसरं काय करत होते?

चौकोनी कंस पुसले. लिस्टचं नाव, टिंब, 'गेट' म्हणजे 'काढून दे', साध्या कंसात क्रमांक. दोन्ही जागी. बाराला चार मिनिटं असताना पडद्यावर तिसरं नाव उमटलं, मग पाचवं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

इल्हाम पुढच्या वर्गाची यादी लिहीत होती. माझं नाव चढलं का बघायला मी टेबलावर वाकले, कागदाला हात लावला. तिने तो शांतपणे मागे ओढला.

"तोंडाने विचारा, लल्ला."

मी विचारलं. तिने माझं नाव वाचून दाखवलं.