आत्या आणि बागुलबुवाचं पोतं

आत्याने उभं आयुष्य शाळेत गणित शिकवलं आणि त्यात ती एकदाही चुकली नाही. निदान तिचं तरी तसं म्हणणं होतं. फळ्यावरचं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही, तर छपाईची चूक पुस्तकात असायची. निवृत्त झाल्यावर ती भावाकडे राहायला आली. आईबाबा कामावर गेले की ताई आणि ढब्बू ही भावंडं तिच्या ताब्यात. ताईने चौथीत जाईपर्यंत मोठ्यांच्या पुष्कळ थापा पचवल्या होत्या. ढब्बू अजून शेंबडा होता, त्याला सगळंच खरं वाटायचं.

ढब्बू जेवायला कुरकुर करायचा. आत्याकडे त्यावर उपाय होता. "खा मुकाट्याने, नाहीतर बागुलबुवाला बोलावीन." रोज दुपारी हाच पाढा. भीतीने घास खाली उतरायचा आणि रात्री अंथरूण ओलं व्हायचं, पण ते आई धुवायची, त्यामुळे आत्याची पद्धत यशस्वी ठरली होती.

एके दुपारी बेल वाजली. दारात जे उभं होतं त्याला माणूस म्हणणं कठीण होतं. अंगभर केस, डोळ्यांच्या जागी दोन भोकं आणि खांद्यावर मळकं पोतं. पायपुसण्याला पाय पुसून ते आत आलं. एवढं वळण मात्र होतं.

"किती हाका मारता हो बाई," बागुलबुवा म्हणाला. "कुठाय पोरगा?"

"अहो, ते आपलं म्हणायचं असतं," आत्या म्हणाली.

"म्हणजे खोटं बोललात? मग त्याला तसं सांगा. मी खोटं बोलले, माझं चुकलं. मी आल्या पावली परत जातो. नाहीतर भरल्याशिवाय पोतं नेत नाही मी."

ताईला हायसं वाटलं. एवढंच ना?

"मुलांसमोर?" आत्या म्हणाली. "मग धाक काय राहणार माझा?"

तिने त्याला चहा विचारला. बसायला खुर्ची दिली. लहान मुलांच्या संगोपनावर चार शब्दही सुनावले. तोवर त्याने ढब्बूचे पाय पोत्यात घातले होते. ढब्बू ताईकडे झेपावला. ताईने त्याचे दोन्ही हात धरून ठेवले.

"आत्या, म्हण ना गं. चुकलं म्हण."

आत्याने तोंड उघडलं. "मा..." म्हणाली आणि तिला ठसका लागला. पोतं ढब्बूच्या कमरेपर्यंत आलं. पुन्हा प्रयत्न, पुन्हा ठसका. तिचे डोळे भरून आले. ढब्बूवर तिचा जीव होता, त्याबद्दल कुणी शंका घेऊ नये. तिने त्याला काखेत धरून बाहेर ओढलं, ताईच्या अंगावर ढकललं आणि चष्मा सारखा केला.

"त्याला सोडा," ती म्हणाली. "मी येते."

आणि खरोखर पोत्यात शिरली. सोपा मार्ग तोच होता. बागुलबुवा जिना उतरत असताना आतून तिचा आवाज येत होता. "हे कधी धुता की नाही?" एरवी ताई हसली असती. त्या दिवशी ती ढब्बूला घट्ट धरून खूप रडली.

संध्याकाळी तिने आईबाबांना सगळं सांगितलं. अक्षरन् अक्षर. बाबा म्हणाले, रुसून मैत्रिणीकडे गेली असेल, राग शांत झाला की येईल. आई ढब्बूचं अंथरूण घालायला गेली. ती दमली होती.

पुढच्या आठवड्यातही ती दमलेलीच होती. ढब्बूने तिसऱ्यांदा तोंड फिरवलं, तशी ती म्हणाली, "खा मुकाट्याने, नाहीतर आत्याला बोलावीन हं."

ताईने तिच्या तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. बेल वाजली.

दारात आत्या. डोळ्यांच्या जागी दोन भोकं, त्यांवर तोच चष्मा. खांद्यावर पोतं, धुऊन इस्त्री केलेलं.

"कोण जेवत नाहीये?"



"आई, पटकन म्हण," ताई तिला हलवत होती. "मी खोटं बोलले, माझं चुकलं. तेवढं म्हटलं की ती जाईल."

आईने पोत्याकडे पाहिलं. ढब्बूकडे पाहिलं. मग ताईकडे.

"मुलांसमोर?" ती म्हणाली.