भाजलेला सोडा

“दार उघडू नकोस गं, कागद वाया जाईल,” तोमिए न्हाणीघरातून म्हणाली.

“मी कशाला उघडतेय? मला इथे चहा आहे, लोणचं आहे,” बाहेरून तिची मैत्रीण मित्सु म्हणाली. “पण आज होऊ दे बाई. उद्या मला दवाखान्यात भरती व्हायचंय, परवा डॉक्टर माझं पोट उघडणार आहेत.”

तोमिएने लाल दिव्याखाली ट्रे हलवला. पाच मिनिटं झाली तरी कागदावर चेहरा उमटेना, नुसती राखाडी सावली. जुन्या फोटो-कागदाची तीनच पानं उरली होती. त्यातलं एक गेलं.

इइयामा गावातल्या फोटो-स्टुडिओत तिने एकेचाळीस वर्षं अंधाऱ्या खोलीत काढली. मालक फोटो काढायचे, ती धुवायची. स्टुडिओ बंद झाला, मग फोटो धुण्याच्या तयार पावडरीची पाकिटंही मिळेनाशी झाली. मित्सुने आपल्या अंत्यविधीत ठेवायचा फोटो आधी नव्या दुकानात काढून घेतला होता. त्यांनी कॉम्प्युटरवर तिच्या साऱ्या सुरकुत्या पुसल्या. “ही कोण बया? हिच्यापुढे माझी माणसं रडायची?” म्हणत तिने तो परत दिला. तेव्हा तोमिएने तिला आपल्या खिडकीशी बसवून फोटो काढला आणि फोटो धुण्याची औषधं घरीच मिसळायची ठरवली. रसायनं नागानोहून मागवली. निगेटिव्हच्या औषधाला सोडा लागत नाही, ती छान उतरली. कागदाच्या औषधाला लागतो, पण तो घरात होताच.

तोमिए बाहेर आली. मापं तोंडपाठ होती, चुकणं शक्य नव्हतं. ओट्यावर भाजीसाठी नेच्याचे कोंब भिजत पडले होते आणि शेजारी सोड्याचा डबा. ती थबकली. स्टुडिओतल्या डब्यावरही नुसतं ‘सोडा’ लिहिलेलं असे, पण तो कपडे धुण्याचा. हा कोंबांचा कडूपणा काढायचा, खाण्याचा. तिला स्वतःची चीड आली.

“आज रविवार, गावातली दुकानं बंद,” मित्सु म्हणाली. “राहू दे आता.”

“राहू कसं दे?”

हाच सोडा वजन उतरायचं थांबेपर्यंत भाजला की धुण्याचा होतो, असं मालक एकदा म्हणाले होते. तिने कढई चढवली. पांढरी भुकटी खदखदायला लागली. दर थोड्या वेळाने ती उतरवून तोलायची आणि पुन्हा चढवायची.

“तीळ भाजतेयस का?”

“तुझा चेहरा भाजतेय. गप्प बस.”

वजन उतरायचं थांबलं, तेव्हा तिने सगळं औषध नव्याने मिसळलं. दुसरं पान ट्रेत सोडलं. अर्ध्या मिनिटात भुवया आल्या, मग डोळे, मग एकेक सुरकुती.

फोटो वाळल्यावर मित्सुने तो खिडकीच्या उजेडात धरला. “म्हातारी दिसते गं.”

“आहेसच.”

“नवरा गेला तेव्हा मी छत्तिसाची होते. तिकडे ओळखायचा नाही तो मला.”

तोमिएने फोटोवर बोट ठेवलं. “हनुवटीवरचा व्रण आहे ना, शोधू दे त्याला.”

मित्सु हसली. फोटो उलटा करून तिच्यापुढे सरकवत म्हणाली, “नाव घाल. कुणी केला ते कळू दे.”

आजवर प्रत्येक फोटोमागे तोमिएने मालकांच्या नावाचा शिक्का मारला होता. तिने पेन्सिलला टोक काढलं, चष्मा पुसला आणि सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं.