भेटीतला कुकर

"कुणाला काही द्यायचं तर आधी आपल्या ओट्यावर वापरून बघ. मन भरलं की मग दे."

आई असं सांगायची, आणि आम्ही बहिणींनी ते जन्मभर पाळलं. खोकं न उघडता वस्तू पुढे सरकवणं म्हणजे आमच्या घरी निव्वळ अंगाबाहेर टाकणं.

म्हणून भाचीने नवं घर मांडलं तेव्हा तिच्यासाठी घेतलेला कुकर आधी मीच वापरला. शिट्टी वेळेवर, झाकण घट्ट, कुठे कुरकुर नाही. मग घासूनपुसून तिला नेऊन दिला.

उन्हाळा सरायच्या आत त्याचं झाकण उडालं. आत वाफ कोंडलेली असताना झाकणाचा खटका आपोआप सुटला आणि समोर उभ्या असलेल्या भाचीचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजला. ती कपडे शिवते. आता तिची बोटं कात्रीच्या कडीत शिरत नाहीत.

दवाखान्यात तिने डाव्या हाताने माझा पदर धरला. "मावशी, तू मनाला लावून घेऊ नकोस." भाजली ती, आणि समजूत माझी काढत होती. मी तिला शब्द दिला, की कुठेही, कुणापुढेही उभं राहून सांगेन, कुकर माझ्या हातचा होता आणि धड होता.

कंपनीवर दावा लावायला गाठलेल्या वकीलबाई म्हणाल्या, "कंपनीत कोण चुकलं हे शोधत बसायचं नाही. वस्तू सदोष बनली आणि तिने माणूस भाजला, एवढंच दाखवायचं. विकत घेतली काय, भेट मिळाली काय, कातडी तीच. फक्त कुकर जपा. घासू नका, कुणाच्या हाती देऊ नका."

मग भाचीकडे कंपनीचा माणूस आला. गळ्यात टाय, बगलेत नवंकोरं खोकं. मी तिथेच होते.

"बिल कुणाच्या नावावर?"

"माझ्या."

"तुम्हाला काही इजा?"

"नाही."

"म्हणजे बघा, ज्यांनी घेतला त्यांना काही झालं नाही, आणि ज्यांना झालं त्यांनी घेतलाच नाही." गणित सुटल्यासारखा तो हसला. "त्यातून वापरलेला. तुमच्याकडे पडला, आपटला, आम्हाला काय कळणार? भेटवस्तूची जबाबदारी कंपनी घेत नाही."

माझी कानशिलं तापली. कडू बोलायचं नाही, हा नेम मी रोज सकाळी दिव्यापुढे बसून घेते. त्या दिवशी तो दाताखाली धरून बसले.

भाचीचा नवरा, आमचा जावई, म्हणाला, "मावशींनी प्रेमानेच दिला हो, पण..." आणि थांबला. टायवाल्याच्या सगळ्या बोलण्यापेक्षा तो 'पण' मला झोंबला.

"झालं ते झालं," टायवाल्याने खोकं पुढे केलं. "हा आमच्याकडून. जुना द्या, तपासायला नेतो. विषय मिटला."

जावई जुना कुकर घेऊन आला.

"थांबा," भाची म्हणाली. "हा नवा तुम्ही भेट देताय?"

"अगदी."

"मग याचं झाकण उडालं तर?"

"ताई, असं कसं उडेल?"

"ते ज्यांचं उडालं त्यांना विचारा. भेटीच्या कुकरचे तुम्ही कुणी लागत नाही, आत्ताच म्हणालात."

मी उठले. माझा आवाज मुळातच बारीक, तो वाढवला नाही. "साहेब, आमच्याकडे देणाऱ्याने आधी वापरून द्यायची रीत आहे. गॅस आहे, पाणी आहे. खोकं फोडा आणि लावा."

"मला कुकर लावता येत नाही हो."

"मी लावते. तुम्ही नुसते उभे राहा. ती उभी होती तिथे, हात ओट्यावर ठेवून."

त्याने ओट्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "मला अजून एका ठिकाणी जायचंय," म्हणत खोकं परत बगलेत मारलं आणि चपला अर्धवट घालून जिना उतरला.

जावयाने दार लावून घेतलं. मग जुना कुकर त्याने माझ्या हातात दिला. "हा तुमच्याकडेच ठेवा, मावशी. माझ्या हातून गेलाच होता."

आज कोर्टात माझी साक्ष आहे. वकीलबाईंनी काल स्पष्ट सांगितलं, "कंपनीवाले सगळं तुमच्यावर ढकलतील. मावशीनेच बिघडवून दिला म्हणतील, उलटसुलट विचारतील. नको असेल तर आत्ताच सांगा, तुमच्याशिवाय काय जमतंय ते बघू."

सकाळी दिवा लावला. नेम घेतला. राग तसाच होता, तो जावा असं मागितलं नाही. कुकर जुन्या चादरीत बांधला, झाकण वेगळं, खटक्याला धक्का लागू नये म्हणून. दार ओढून कुलूप घातलं आणि गाठोडं कडेवर घेऊन बसथांब्याकडे निघाले.