साहेबाची हराळी

निवृत्त मास्तर दिनकरराव अंगणात बाजेवर पुस्तक वाचत एकटेच हसत होते. पेडगावात माणूस एकटा हसला की दोनच शक्यता: कानात मोबाइल, नाहीतर डोक्यात फरक.

पुस्तक परभणीच्या रद्दीतलं. कुण्या इंग्रज साहेबानं आपल्या खेड्यातल्या बागेच्या फजित्या लिहिलेल्या. साहेब गवत पेरतो, त्याला पाणी घालतो, मग

(वाक्य इथंच तुटलं. बायको धुरपताबाई खुरपं घेऊन आल्या.)

"सरका. हराळी काढून मेथी टाकायची हाय."

"हराळी न्हाई ती. लॉन हाय."

"म्हशीला इचारा काय हाय ते."

"साहेबाकडं म्हैस न्हाई."

"मग गवत कापून कुणाला घालतो?"

"कुणालाच न्हाई. फेकून देतो."

धुरपताबाई मटकन खाली बसल्या. हराळी उपटण्यात त्यांचा जन्म गेला होता. "अन् असल्या खुळ्याचं तुमी वाचायलेत?"

मास्तरांचा जीव त्या हिरव्या तुकड्यात अडकला होता. ते म्हणाले, "येक पान ऐक. हसलीस तर लॉन, न्हाई तर मेथी."

"वाचा. म्या कशाला हसतेय."

पान:

साहेबाच्या फुलझाडांवर गोगलगायी पडल्या. मारायला जीव होईना. रोज संध्याकाळी टोपलीभर गोळा करून तो हळूच शेजाऱ्याच्या भिंतीपलीकडं टाकी. सकाळी पुन्हा तेवढ्याच. एकदा टोपली उचलायला वाकला, तर भिंतीवरून त्याच्याच टोपीवर गोगलगायींचा सडा. शेजारीही

(पुढचं ऐकू आलं नाही.)

धुरपताबाईंनी पदर तोंडात कोंबला होता. खांदे गदगदत होते. औंदा सोयाबीनवर गोगलगायी पडल्या, तेव्हा घमेली भरभरून बांधापलीकडं चुलतदीर बन्सीधरच्या रानात कोण रिती करत होतं, हे फक्त बांधाला ठाऊक होतं.

"हसलीस!"

"ठसका लागला."

तेवढ्यात शेजारच्या भिंतीवर बन्सीधरचं डोकं उगवलं. तो मघापासून ऐकत असावा. चेहरा चोरासारखा. "मास्तर, मंग... त्या शेजाऱ्याला काय शिक्षा झाली का?"

धुरपताबाई त्याच्याकडं बघतच राहिल्या. "भावजी! तुमी बी?"

"बी? म्हंजी वयनी, तुमी...?"

मग मात्र पदर सुटला. त्या हसल्या त्या अशा, की गोठ्यातली म्हैस उभी राहिली.

खुरपं बाजेखाली गेलं.

"ऱ्हाऊ द्या तुमचं लॉन," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "पर कापलेलं माझ्या म्हशीचं. साहेबावानी फेकाल तर बघा."

"मास्तर," भिंतीवरून आवाज आला, "पुढचं जरा मोठ्यानं वाचा."