शेपटीखालचा धूर

मी एक जुनी केबल आहे, मित्रांनो. तांब्याच्या तारांना पीळ घालून, वर काळे रबर चढवून मला घडवले. विमानतळावर विमान येऊन थांबले की मला त्याच्या पोटाला जोडतात. मग आतले दिवे नि यंत्रे माझ्या विजेवर चालतात. मी नसले, तर विमानाच्या शेपटीतले छोटे इंजिन घरघरत राहते. उभ्या जागी तेल पिते आणि खाली राबणाऱ्यांच्या तोंडावर धूर सोडते.

मला जोडण्याचे काम केबलकाकांचे. मी जड, म्हणून उचलताना ते म्हणत, "चल गं म्हशी!" हमाल हसत, "काका, आता धारही काढा!" ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे कंपनीने विमानांवर हिरवी पाने रंगवली आणि त्याच वर्षी माणसे कमी केली. तीन विमानांना एकटे काका. ते धावत पोहोचेपर्यंत विमान निघून जाई. मी खुंटीवर लटकलेली. काकांची लेक त्याच शेपटीखाली सामान उतरवायची. आधी ती नुसती खोकायची. मग तिला दोन पेट्यांनंतर खाली बसावे लागू लागले.

प्रत्येक विमानामागे भरायच्या कागदावर एक चौकट होती: 'केबल जोडली'. मला जोडता आले नाही, की काका ती कोरी ठेवत.

"खूण करा हो काका," कंपनीचे साहेब म्हणाले. "कोण बघतंय?"

"तो वरचा बघतो."

"मग नोकरीही त्याच्याकडेच मागा."

लेकीने हे ऐकले. धाप लागलेली, तरी जवळ येऊन म्हणाली, "बाबा, करा ना. तुमची नोकरी गेली तर माझं औषध कुठून यायचं?"

काकांनी खूण केली.

वर्षभर सगळ्या चौकटी भरल्या. स्वच्छ हवेसाठी कंपनीचा सत्कार झाला. त्याच आठवड्यात लेकीचे काम सुटले. आडवे झाले की श्वास कोंडतो, म्हणून आता ती उशांना टेकून, बसल्या बसल्याच झोपते.

मित्रांनो, मला पुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. मी रबराची, मला काय होणार? मला जोडायला माणूस ठेवा. उद्या तुमच्यातले कोणी विमानांचा कारभार पाहील. कागद समोर आला, की आधी खाली उतरा. शेपटीखाली उभे राहून एक मोठा श्वास घ्या. मगच सही करा.